जीप, जिपा, जिपेत

रत्नागिरीत आडवळणाच्या एखाद्या वाडीला जायचे म्हणून नाक्यावर गाडी विचारावी, तर "जीप आहे ना, बसा" असे उत्तर येते. समोर उभी असते ती कधी जुनी कमांडर, कधी ट्रॅक्स, कधी मागे समोरासमोर बाकडी टाकलेली बोलेरो. कायद्याच्या भाषेत यातली एकही जीप नव्हे. 'जीप' हे नाव ज्या कंपनीच्या मालकीचे आहे, तिने यातली एकही गाडी बांधलेली नाही. तरी बोलणाऱ्याला आपण काही चुकीचे बोललो असे वाटत नाही, आणि माझ्या मते तो चुकतही नाही. डांबर संपले तरी पुढे जाते आणि बिघडलीच तर तालुक्याच्या गावात नीट होते, ती जीप. हा अर्थ कुठल्या कंपनीने दिलेला नाही. तो वापरणाऱ्यांनी ठरवला आहे, आणि या शब्दाचा सगळा इतिहासच तसा आहे.

शब्द अमेरिकन. तिकडच्या लष्करात तो गाडीच्या आधीपासून फिरत होता. नव्या रंगरुटाला आणि चाचणीसाठी आलेल्या कुठल्याही नव्या वाहनाला सैनिक 'जीप' म्हणत. १९३६ साली इ. सी. सीगर या व्यंगचित्रकाराने 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत एक विलक्षण प्राणी आणला. त्याचे नाव यूजीन द जीप. तो 'जीप, जीप' एवढेच बोलायचा आणि भिंतीतूनही पार जायचा. चारच वर्षांनी, १९४० च्या उन्हाळ्यात, अमेरिकन लष्कराने हलक्या, चारी चाकांना जोर असलेल्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना बॅन्टम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या तळावर पोचवला. मग विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना तोच आराखडा देऊन त्यांच्याकडूनही नमुने घेतले गेले. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या, त्यातल्या बहुतेक विलीज आणि फोर्डच्या.

या गाडीला जीप का म्हणतात, याचे एक उत्तर आपल्याकडे शाळेपासून ऐकायला मिळते: 'जनरल पर्पज', म्हणजे जी. पी., म्हणून जीप. उत्तर सुटसुटीत आहे, पण टिकत नाही. फोर्डच्या गाडीवर जी. पी. डब्ल्यू. ही अक्षरे होती हे खरे. मात्र फोर्डच्या पद्धतीप्रमाणे त्यातला 'जी' सरकारी कामाचा, 'पी' पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या ८० इंच अंतराचा आणि 'डब्ल्यू' विलीजच्या आराखड्याचा. 'जनरल पर्पज' त्यात कुठेच नाही. आद्याक्षरांवर हे उत्तर नंतर बसवले गेले. लोकांना शब्दाचे मूळ हाताशी लागेल असे हवे असते, म्हणून अशी लोकव्युत्पत्ती फार लवकर रुजते. आपल्याकडे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांचे 'जि. प.' केले. जि. प.च्या अधिकाऱ्यांकडे जिपा असत. उद्या कोणी या दोन शब्दांचे नाते सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला ते पटायला वेळ लागणार नाही.

शब्द छापून सगळीकडे पोचला तो १९४१ च्या सुरुवातीला. विलीजचा चाचणी-चालक रेड हाउसमन याने वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर ही गाडी चढवून दाखवली. कॅथरिन हिलियर या पत्रकार महिलेने बातमी लिहिली आणि त्यात गाडीचे नाव जीप असे दिले. हाउसमनने हे नाव सैनिकांच्या तोंडून उचललेले होते. पुढे विलीजने त्यावर हक्क सांगितला. ही गाडी आम्हीच निर्माण केली, असा प्रचार कंपनीने करू नये, असा तिथल्या व्यापार आयोगाने १९४८ साली निर्णय दिला. तरी ट्रेडमार्क १९५० मध्ये विलीजलाच मिळाला. म्हणजे शब्द सैनिकांचा, पहिला नमुना बॅन्टमचा आणि मालकी विलीजची.

आपल्याकडे ही गाडी मुंबईच्या वाटेने आली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर कंपनीतले भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच सुमारास कंपनीने विलीजच्या जिपांचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी सुरू केली. पुढे तहसीलदार, गटविकास अधिकारी, वनखाते, पोलीस, धरणाचे इंजिनिअर असे जे कोणी सरकार म्हणून कोकणातल्या गावात आले, ते याच गाडीतून. निवडणूक आली की वर भोंगा बांधून तीच वाड्यावाड्यांतून फिरे.

रत्नागिरीत बसून या शब्दाचा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे येते. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात याच गावात स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीची त्यांची चळवळ त्याच वर्षांतली. दिनांक, महापौर, हुतात्मा हे आज सहज वापरले जाणारे शब्द त्यांनी घडवले. 'जीप' ही गाडी म्हणून जन्मली ती ते इथून गेल्यानंतर. तिच्यासाठी कोणी मराठी प्रतिशब्द रुजवू शकले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. कारण मराठीने या शब्दावर आपल्या व्याकरणाचे काम केले आहे, आणि ते अगदी नेटके केले आहे.

शब्द आला तेव्हाच त्याचा आवाज आपल्या तोंडात बसणारा होता. मराठीत 'ज'चे दोन उच्चार: 'जहाज'मधला दंततालव्य आणि 'जीवन'मधला तालव्य. पुढे इ किंवा ई आली की आपण तालव्यच उच्चारतो. इंग्रजीतला उच्चारही त्याच्या जवळचा, त्यामुळे जीभ वळवावी लागली नाही. लिंग मिळाले ते गाडीचे, म्हणून ती जीप. खरी गंमत पुढे आहे. वीट, विटा, विटेला. जीभ, जिभा, जिभेला. त्याच चालीने जीप, जिपा, जिपेला, जिपेत. प्रत्यय लागताच दीर्घ ई ऱ्हस्व होते, ही वागणूक मराठी आपल्या घरच्या शब्दांना देते. पाहुण्या शब्दांना ती सहसा मिळत नाही. 'टीम' आली, पण 'टिमेत' कोणी म्हणत नाही, 'टीममध्ये'च म्हणतात. 'कार'चेही 'कारमध्ये'च होते. 'मोटार' मात्र घरची झाली, म्हणून 'मोटारीत', आणि जीपही घरची झाली, म्हणून 'जिपेत'. अलीकडे शहरी लिखाणात 'जीपमध्ये' वाढले आहे. गावातला जुना ड्रायव्हर अजून 'जिपेत' म्हणतो, आणि मराठीच्या दृष्टीने त्याचेच रूप अधिक सकस आहे.

कंपनीने स्वतः ठेवलेल्या नावांकडे वळलो, तर रत्नागिरीच्या माणसाला तिथे ओळखीचे चेहरे भेटतात. महिंद्रची जुनी नावे लष्करी थाटाची: कमांडर, मार्शल, मेजर. 'मार्शल' आज सेनापतीच्या तोलाचा वाटतो. मूळ जर्मानिक शब्दात मात्र 'मराह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे चाकर. आपल्या भाषेत सांगायचे तर मोतद्दार. तबेल्यातला हा चाकर राजाच्या घोडदळाचा मुख्य होत होत थेट सेनापतीच्या पदावर पोचला. ओझी वाहणाऱ्या आणि माणसे नेणाऱ्या गाडीला सेनापतीपेक्षा मोतद्दाराचा अर्थच जास्त शोभतो, असे मला वाटते.

१९९३ साली आलेल्या 'आर्मडा'ची गोष्ट तर थेट आपल्या किनाऱ्याची. हा स्पॅनिश आणि पोर्तुगीज शब्द. लॅटिनमधल्या 'सशस्त्र' या अर्थाच्या शब्दापासून तो झाला, आणि त्याचा रूढ अर्थ लढाऊ जहाजांचा तांडा. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा हा शब्दही त्यांच्याबरोबर उतरला, आणि मराठीने त्याचे 'आरमार' केले. शिवाजी महाराजांचे आरमार, कान्होजी आंग्र्यांचे आरमार, हा तोच शब्द. रत्नदुर्ग, जयगड, पूर्णगड, सुवर्णदुर्ग या किल्ल्यांच्या छायेत तीनशे वर्षांहून अधिक काळ बोलला गेलेला शब्द नव्वदच्या दशकात गाडीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत परत आला, आणि कोणाला ओळखू आला नाही. कमांडरचेही तसेच. १७५५ साली हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग इंग्रजांसाठी जिंकला तो कमोडोर जेम्सने. 'कमोडोर' आणि 'कमांडर' हे एकाच घरचे शब्द, दोघांचे मूळ हुकूम सोपवणे या अर्थाच्या लॅटिन धातूत. म्हणजे एका काळी या किनाऱ्यावर कमोडोर आरमारावर चालून आला, आणि नंतर आर्मडा आणि कमांडर रत्नागिरीच्या स्टँडबाहेर शेजारी शेजारी उभ्या राहून प्रवाशांची वाट पाहू लागल्या. कोकणच्या भाषेत पोर्तुगिजांनी किती ठेवले याचा विचार केला की आधी हापूस आठवतो, कारण तो अफोंसो या नावावरून आला. आरमाराची आठवण त्याच्या बरोबरीने यायला हवी.

नंतरची नावे एवढी खोल नाहीत. २००० साली आलेली बोलेरो म्हणजे स्पॅनिश नृत्य आणि आखूड जाकीट. २००२ ची स्कॉर्पिओ म्हणजे विंचू. २०१० मध्ये आलेल्या थारचे नाव वाळवंटाचे. 'थुल' म्हणजे वाळूच्या टेकड्यांची रांग, त्यावरून 'थार' झाले असे भूगोलाची पुस्तके सांगतात. आपल्या 'थारा' शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण जोडू नये. 'चित्त थाऱ्यावर नाही' मधला थारा वेगळ्या कुळातला.

आता मुख्य मुद्दा भरवशाचा. गाडीची तारीफ करताना आपण तीन विशेषणे अदलून बदलून वापरतो: दणकट, टिकाऊ आणि भरवशाची. मला ती सरमिसळ मान्य नाही. 'दणकट' जवळ आहे दणक्याच्या: जी दणके सोसते ती. 'टिकाऊ'ची मोजणी वर्षांत होते. 'भरवशाची' हा शब्द मात्र गाडीपेक्षा गाडी आणि माणूस यांच्यातल्या नात्याचा आहे. कोकणात दणकट गाडीही टिकाऊ निघेलच असे नाही. समुद्राकाठी खारी हवा पत्रा खाते. दरवाज्याच्या खालच्या कडेला, फूटबोर्डाच्या सांध्यात, मडगार्डच्या आतल्या बाजूला आधी फुगवटा येतो, मग रंगाची पापडी सुटते आणि बोट घातले तर आरपार जाते. अशा गाडीलाही मालक भरवशाची म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. तिचे काय बिघडते, कुठे बिघडते आणि कोण नीट करते, हे त्याला पाठ असते. न बिघडण्याची खात्री त्याने कधी मागितलेलीच नसते.

हे पाहायचे तर कोल्हापूर रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात जाऊन उभे राहावे. जुनी कमांडर जॅकवर चढवलेली असते. मिस्त्री खाली सरकून मागच्या पाट्यांवर हात फिरवतो. पाट्यांची थप्पी मधोमध एका बोल्टने आवळलेली असते आणि बाहेरून यू बोल्ट बसवलेले असतात. त्यातला सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात आणि त्यावरच सगळी गाडी टांगलेली असते. मिस्त्री हातोडीने एकेका पाट्यावर ठोकतो. धड पाटा खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. तो बद्द आवाज आला की थप्पी सोडायची, तेवढाच पाटा बदलायचा, पुन्हा आवळायची. संध्याकाळी गाडी आंबा घाट चढायला मोकळी.

या गॅरेजातली भाषा शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला खजिना वाटावी अशी आहे. 'पाटा' म्हणजे संस्कृत 'पट्ट', ज्यावर आपण चटणी वाटतो तोच. घाटात ट्रक उलटला की वर्तमानपत्र लिहिते, कमानपाटा तुटला. त्यातली 'कमान' फारसी, म्हणजे धनुष्य. एका सुट्या भागात फारसी धनुष्य आणि संस्कृत पट्ट जोडले गेले. इंग्रजीत या भागाच्या नावात झाडाचे पान आहे. मराठीने ते पान स्प्रिंगला दिले नाही. 'पत्र'वरून आपण 'पत्रा' केला आणि तो गाडीच्या अंगाला लावला. 'चासी' फ्रेंच मार्गाने आली. तिचे मूळ लॅटिन 'काप्सा', म्हणजे पेटी. आणि 'स्टेपनी'. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. तोवर मोटारींबरोबर जादा चाक मिळत नसे. त्या रस्त्याचे नाव चाकाला लागले. इंग्लंडात ते केव्हाच विसरले गेले, पण आपल्याकडे प्रत्येक गाडीत अजून स्टेपनी आहे. 'टेम्पो'चेही तसेच: हॅम्बुर्गच्या कंपनीचे नाव, पुण्यात बजाज टेम्पोने ते रुजवले, आणि आता कुठल्याही कंपनीची लहान मालगाडी आपल्याला टेम्पोच वाटते. जीप, स्टेपनी, टेम्पो हे तिन्ही मालकांच्या हातून निसटून लोकांचे झाले. माझ्या मते भाषेत नावाला याहून मोठा मान नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. जीप म्हटले की चारी चाकांना जोर असणार, असे अनेकांना वाटते. 'फोर बाय फोर'मधला पहिला आकडा चाकांचा आणि दुसरा जोर मिळणाऱ्या चाकांचा. बोलेरो आणि प्रवासी वाहतुकीतल्या बहुतेक कमांडरना जोर मागच्या दोनच चाकांना असतो. जांभ्याच्या सड्यावर, चिखलाच्या बागेत, हापूसच्या पेट्या घेऊन उतरताना या गाड्या निभावतात त्या उंच पोटामुळे, शिडीच्या घडणीच्या चासीमुळे आणि चालवणाऱ्याच्या हातामुळे. इथे त्यांना 'जीप' हे नाव त्यांच्या कामामुळे मिळाले.

मालकीचा वाद पुढेही चालत राहिला. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी आणली तेव्हा ती जीपसारखी दिसते अशी तक्रार तेव्हा 'जीप' नावाची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने केली. २०२० मध्ये तिथल्या आयोगाने तिच्या मूळ रूपाला मनाई केली आणि महिंद्रला चेहरा बदलावा लागला. त्याआधी २०१७ मध्ये कायद्याने जिचे नाव जीप, ती कंपास पुण्याजवळ रांजणगावला तयार होऊ लागली. ती रत्नागिरीच्या रस्त्यावरही दिसते, पण तिला लोक जीप म्हणत नाहीत, कंपासच म्हणतात. जिपेचे नाव त्यांनी आधीच दुसऱ्या गाडीला देऊन ठेवले आहे.

नावाप्रमाणेच गॅरेजातल्या शब्दांचाही काळ बदलतो आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. कमांडर ७५० डीआयचे इंजिन साध्या यांत्रिक पंपावर चालायचे, मिस्त्री ते कानाने ओळखायचा. नव्या गाडीला स्कॅनर लावावा लागतो, सेन्सरचा कोड वाचावा लागतो, आणि अनेकदा गाडी शहरातल्या शोरूमला न्यावी लागते. त्याने धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण 'भरवशाची' या शब्दाचा अर्थ त्याबरोबर बदलतो आहे. पूर्वी तो भरवसा गाडी आणि गावातला मिस्त्री यांच्यात असे. आता तो कंपनीच्या हमीपत्रावर टाकावा लागतो. अर्थ असा बदलणे नवे नाही. 'खटारा' हा शब्द मूळचा ओझे नेणाऱ्या भारी गाडीचा. आज तो मोडकळीला आलेल्या वाहनाला चिकटला आहे. शब्दही असा घसरतो.

दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. जीप हे गाडीचे नाव झाले त्याच्या नंतर, त्यामुळे त्या सात विभागांत ती सापडणे शक्य नव्हते. तिच्या मागोमाग गॅरेजांत जी मराठी घडली, तिची नोंद आज घेता येण्यासारखी आहे, कारण ती बोलणारे मिस्त्री आणि ड्रायव्हर अजून आपल्यात आहेत. चिपळूण, लांजा, राजापूर, दापोली, कुठेही तुमची गाडी गॅरेजला लागली, तर नुसते खोळंबून राहू नका. मिस्त्री ज्याला ज्या नावाने हाक मारतो ते नाव, तो भाग कुठला, कुठल्या गाडीचा, हे वहीत लिहून ठेवा. तालुक्याचे नाव आणि वर्षही टाका. जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे ती वही द्या. पुढचा कोश करणाऱ्यांना ती लागणार आहे.